शनिवारी काकी बाहेर जेवायच्या

काकी दुधाची रिकामी पिशवी तीन वेळा विसळायच्या आणि तिन्ही वेळचं पाणी चहात जायचं. मग ती पिशवी पडवीतल्या दोरीवर चिमट्याने लटकायची, कारण वाळली की तिच्यात आमसुलं भरून ठेवता येत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा दोरीवर ओळीने लावलेल्या पिशव्या पाहून मला वाटलं, बाईंचा दुधाचा धंदा असावा. तसं मी बोलूनही दाखवलं. काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत बसलेल्या माणसाला ओरडून सांगितलं, "मास्तर, घाटावरचा आलाय हो एक. भाकऱ्या वाढवायला लागणार."

तेव्हापासून मी त्यांचा 'घाटी' झालो. मी मूळचा कऱ्हाडकडचा. सरकारी नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरीला झाली. तो पाऊस, तो दमट उकाडा, ती तांदळाची भाकरी, यातलं काहीच मला झेपण्यासारखं नव्हतं. मारुती मंदिराच्या मागच्या अंगाला एका गल्लीत काकींची घरगुती खानावळ होती. बाहेर पाटी नव्हती. "पाटी लावली की दर वर्षी रंगवायला लागते," हे त्याचं कारण. आत बसलेले मास्तर म्हणजे तांबे मास्तर, मूळचे हेदवीचे. शाळेत गणित शिकवायचे आणि अकरा वर्षं काकींकडे जेवत होते. बाकी कधी चार, कधी सहा, अशी माणसं येत-जात असायची. मी साडेचार वर्षं तिथे जेवलो.

कोळंबी सोलली की तिच्या सालांचं सार व्हायचं. नारळाचं दूध काढून उरलेला चोथा दुसऱ्या दिवशी भाजीत भेटायचा. तेलाची पिशवी संपली की ती कातरीने उभी कापून, आतून भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली जायची. भांड्यांच्या साबणाची वडी आली की तिचे चार तुकडे व्हायचे आणि एका वेळी एकच तुकडा मोरीवर दिसायचा. कॅलेंडरच्या उलटलेल्या पानाच्या मागे बाजाराची यादी, आणि बाजार झाला की तेच पान पिठाच्या डब्याखाली. मास्तर एकदा गमतीने म्हणाले, "काकी, तुम्ही सावलीसुद्धा घडी करून ठेवाल." काकींना ते लागलं नाही. उलट त्यांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं.

पण हे सगळं स्वतःपुरतं. आमच्या ताटात भात पडताना त्यांचा हात कधी आखडला नाही. बांगड्याचे मधले तुकडे आमचे आणि डोकं त्यांचं. नेसायला तीन सुती लुगडी, त्यातलं एक कायम दोरीवर. चप्पल इतक्या वेळा शिवलेली की मूळची कोणत्या रंगाची होती ते चांभारालाही सांगता आलं नसतं. मासळी बाजारातून दोन्ही हातांत ओझी घेऊन त्या चालत यायच्या, आणि ओळखीचा रिक्षावाला दिसला की त्याला थांबवायच्या. "रिकामा चाललास ना? मग ही पिशवी तेवढी दाराशी ठेव. मी येते मागून." आणि गंमत म्हणजे रिक्षावाले ती पिशवी खरंच नेऊन ठेवायचे.

त्या जेवायच्या कधी, हे आम्हाला माहीत नव्हतं. आमची पंगत उठली, खरकटं निघालं, लादी पुसली गेली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडी न घालता, एक गुडघा वर घेऊन त्या काहीतरी तोंडात टाकायच्या. तेवढ्यात कोणी "काकी, पाणी" म्हटलं की डाव्या हाताने तांब्या उचलून बाहेर यायच्या. मास्तर म्हणायचे की अकरा वर्षांत आपण काकींना सलग जेवताना पाहिलेलं नाही. ते हे कौतुकाने सांगायचे. मीही कौतुकानेच ऐकायचो.

आता शनिवारची गोष्ट सांगतो. आमच्या कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी. बहुतेक मंडळी शुक्रवारीच संध्याकाळच्या गाडीने गावाला पळायची, मास्तर सकाळची शाळा आटपून हेदवीची एसटी धरायचे. म्हणून शनिवारी दुपारी खानावळ बंद. मला कऱ्हाडला दर आठवड्याला जाणं परवडत नसे, तेव्हा पहिल्या शनिवारी मी भुकेला होऊन गल्लीत शिरलो, तर दाराशी रिक्षा उभी. आणि काकी बाहेर आल्या त्या जांभळट रंगाची, बारीक काठाची साडी नेसून, तोंडाला पावडर लावून, कानांत मोत्यांच्या कुड्या घालून. मी बघतच राहिलो.

"कोणाचं लग्न काकी?"

"लग्न कसलं मेल्या? जेवायला चाललेय."

आणि रिक्षा गेलीसुद्धा. ज्या बाईने मासळी बाजार ते घर एवढ्या अंतराला आयुष्यात रिक्षा केली नाही ती बाई.

नंतर मास्तरांकडून कळलं की हे फार वर्षांपासून चालत आलेलं आहे. एसटी स्टँडजवळ एक जुनं शाकाहारी हॉटेल आहे, वर माडीवर त्यांची फॅमिली रूम. काकी दर शनिवारी बाराच्या सुमाराला तिथे जातात, एकट्या, आणि पोटभर थाळी घेतात. म्हणजे हवं तितकं वाढून मिळणारी, महागातली. गल्लीतल्या बायका यावर बरंच बोलायच्या. खानावळवालीने हॉटेलात जेवायचं म्हणजे स्वतःच्या हातचं स्वतःला आवडत नाही की काय, असा एकंदर सूर. कोणी म्हणे, म्हातारपणी चोचले सुचतात. काकींच्या कानावर हे जात असणारच.

मी कचेरीत फायली तपासणारा माणूस. मला कारण लागतं. मी सोमवारी सरळ विचारलं, "काकी, तिथे खाता काय?"

"वरणभात. दोन भाज्या. चपाती."

"अहो, ते तर तुम्ही रोज करता!"

"त्यांच्या वरणाला चव नाय. नुसतं हळदीचं पाणी. भाजीत सोडा मारतात."

"मग जाता कशाला?"

"तुला काय करायचंय? मी तुमच्याकडून पैसे मागून जात नाय ना?" आणि मग जरा हसून म्हणाल्या, "चैन हाय ती माझी. एवढीच हाय."

मी त्यांना सुचवलं की तुमचं खाणं दोन चपात्यांचं, तेव्हा साधी थाळी घ्या, स्वस्त पडेल. त्यात एकदाच सगळं वाढून आणतात, पोट भरतं. दुधाची पिशवी तीनदा विसळणारी बाई हा सल्ला उचलून धरेल अशी माझी खात्री होती. काकी म्हणाल्या, "नको. पोटभरच बरी." विषय संपला.

दुसऱ्या वर्षी एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. माझा वाढदिवस शनिवारी आला होता आणि आईचा फोन काकींच्या पडवीतच आला, म्हणून त्यांना कळलं. "चल, आज तू माझा पाहुणा," असं म्हणून त्यांनी मला रिक्षात घातलं. हॉटेलच्या जिन्याला सोळा-सतरा पायऱ्या, त्याही अरुंद. काकी साडी उचलून, घाई न करता, एकेक पायरी चढल्या. वर कोपऱ्यातलं एक टेबल त्यांचं ठरलेलं होतं. त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या, पदर नीट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते हात असे रिकामे मी त्याआधी पाहिले नव्हते.

वाढपी गणपत नावाचा, पालीचा, पन्नाशी ओलांडलेला, दोन्ही कानांवर केस असलेला माणूस. तो आला आणि म्हणाला, "काकी, आलाव? बसा निवांत." टेबलावर पाण्याचा जग होता, पण काकींनी त्याला हात लावला नाही. गणपतनेच पेल्यात पाणी ओतलं. ताट आलं. आधी चटणी-कोशिंबीर, मग भाज्या, मग चपाती, एकेक फेरी वेगळी. त्यांचं वरण संपत आलेलं दिसलं म्हणून मी संस्कारी मुलासारखी माझी वरणाची वाटी उचलून त्यांच्या भातावर धरली, तर काकींनी माझं मनगट धरलं.

"तू नको. त्याला येऊ दे."

गणपत आला. "काकी, वरण आणू?" काकी लगेच हो म्हणाल्या नाहीत. ताटाकडे बघितलं, जरा विचार केला, मग म्हणाल्या, "आण. वायच." म्हणजे थोडंसं. तो आणायला गेला तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एरवी आमच्या ताटांवर सतत भिरभिरणारी ती नजर तिथे एका जागी थांबली होती. दोन चपात्यांचं जेवण त्यांनी पाऊण तास जेवलं. "भात आणू? ताक आणू? पापड दुसरा देऊ?" असं गणपत विचारत राहिला आणि त्या "आण", "नको", "राहू दे" असं म्हणत राहिल्या. शेवटी कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची फोड आली. काकींनी पाचही बोटं सावकाश बुडवली आणि उठल्या. ताट जसं होतं तसं टाकून उठल्या. वाटीत वाटीसुद्धा घातली नाही.

परतताना रिक्षात त्या आपणहून बोलल्या. "लग्न होऊन आले तेव्हा घरात चौदा माणसं. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू-नणंदा. मी सगळ्यात धाकटी. भिंतीला पाठ लावून जेवणं मला ठाऊकच नाय रे. बाई ताटावर बसली की कोणाला तरी काहीतरी हवंच असतं. मग हे गेले आणि खानावळ घातली. म्हणजे तेच आणखी." त्यांचे यजमान मच्छीमारी ट्रॉलरवर खलाशी होते, ते त्यांचा मुलगा नितीन पाच वर्षांचा असतानाच गेले.

हे सगळं मी ऐकलं. ऐकलं, "हो ना" म्हटलं आणि वाढदिवसाचे निरोप बघायला फोनमध्ये डोकं घातलं. जुन्या बायका असंच काहीबाही सांगतात, असं मनात म्हटलं. माझ्या आयुष्यात जी थोडी माणसं समजून घ्यायची राहून गेली त्यांत काकींचं नाव पहिलं आहे, आणि त्याला कोणतीही सबब नाही. त्यांनी मला उघड उघड सांगितलं होतं.

चौथ्या वर्षी श्रावणात काकी मोरीजवळच्या शेवाळावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नितीन मुंबईहून येऊन पंधरा दिवस राहिला, आम्ही आळीपाळीने दवाखान्यात बसलो. काकी बऱ्या झाल्या, पण चालणं वॉकरवर आलं. खानावळ त्यांनी दिवाळीनंतर पुन्हा चालू केली. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलं, भांड्यांना बाई लावली, आणि वाढायला मात्र त्या वॉकर ढकलत स्वतः येत. आम्ही नको म्हणायचो. आम्ही नको म्हणायचो आणि ताटावर बसायचो.

शनिवार मात्र बंद झाला. सतरा पायऱ्या वॉकरने चढता येत नाहीत. पहिले दोन शनिवार त्या पडवीत बसून राहिलेल्या मी पाहिल्या, जांभळी साडी न नेसता. मला फार वाईट वाटलं. मास्तरांनाही वाटलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक बेत केला, आणि तो आठवला की आजही मला स्वतःची लाज वाटते. आम्ही ठरवलं की काकींना हॉटेलात जाता येत नाही ना, मग हॉटेल काकींकडे आणायचं. दर शनिवारी कोणीतरी एकाने गावाला जायचं नाही आणि काकींसाठी पार्सल आणायचं.

काय उत्साह होता आमचा! पहिल्या शनिवारी मी त्याच हॉटेलातून थाळी बांधून आणली. पुढच्या शनिवारी मास्तरांना वाटलं, ती सोडा मारलेली भाजी काय द्यायची म्हातारीला, म्हणून ते सुरमईची थाळी घेऊन आले. मग पनीर झालं, बिर्याणी झाली, एकदा कोणीतरी नूडल्स आणल्या. आमच्यात चढाओढ लागली. काकी प्रत्येक वेळी म्हणायच्या, "कशाला रे एवढं?" आणि वॉकर धरून उठायच्या. फडताळातून ताटं काढायच्या. पिशव्यांच्या गाठी सोडवायच्या, कापायच्या नाहीत. आमटी वाटीत ओतायच्या, भात हलवून मोकळा करायच्या. आणलेल्या माणसाला आधी वाढायच्या. "एकटीला कुठं एवढं जातंय, बस तू," म्हणायच्या. मग आम्ही बसायचो. काकी वाढायच्या. नंतर ते प्लास्टिकचे डबे घासून, पुसून, झाकणासकट फळीवर रचायच्या. होळी येईपर्यंत ती फळी भरली.

आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळे शिकलेले, सगळे चांगल्या घरचे, काकींवर जीव टाकणारे. पण आम्हा सगळ्यांना जन्मापासून ताट आयतं समोर येत होतं. जेवण म्हणजे ताटात काय आहे ते, एवढीच आमची अक्कल. काकींनी आम्हाला एकदाही तोडून काही म्हटलं नाही. फक्त एकदा मी डबे घेऊन आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गणपत बरा हाय काय रे?" मी म्हटलं, बरा आहे, तुमची चौकशी करत होता. "करणारच," त्या म्हणाल्या, आणि ताटं काढायला वळल्या.

शिमगा होऊन गेल्यावर एका शनिवारी पुन्हा माझी पाळी आली. मी त्या जुन्या हॉटेलात गेलो आणि गणपतला सांगितलं, काकींची थाळी बांध. तो बांधता बांधता थांबला.

"साहेब, एक विचारू? हे पार्सल कोणासाठी नेता तुम्ही?"

"काकींसाठी. दुसऱ्या कोणासाठी?"

"काकींला आमचं जेवण कुठं आवडायचं? आमच्या शेटना त्या तोंडावर सांगायच्या, वरणात पाणी हाय म्हणून."

"मग येत कशाला होत्या इतकी वर्षं?" हाच प्रश्न मी स्वतः काकींनाही विचारला होता.

गणपतने माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना, हा चिडलाय की त्याला माझी कीव येतेय. "बसायला," तो म्हणाला. "मला सांगून ठेवलेलं त्यांनी. गणपत, सगळं एकदम आणू नको. एकेक आण. दर वेळी विचार. मला नको असला तरी विचार."

मी ते पार्सल घेतलं नाही. बाहेर येऊन स्टँडच्या गर्दीत उभा राहिलो. साडेचार महिने आम्ही त्या मोडलेल्या खुब्याच्या बाईकडून दर शनिवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, जास्तीची पंगत वाढून घेत होतो आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. त्यांनी आठवड्यातला एक पाऊण तास स्वतःसाठी राखून ठेवला होता. तो आम्ही प्रेमाने खाऊन टाकला.

मी परत वर गेलो आणि गणपतशी बोललो. पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी खुर्चीत बसवून काकींना उचलून माडीवर न्यायचं ठरलं. गणपत म्हणाला, खुर्ची मी देतो, हातवाली. मी तसाच काकींकडे गेलो, पण त्यांना काही सांगितलं नाही. शनिवारी एकदम रिक्षा आणून उभी करायची, अशी माझी हौस. सांगायला हवं होतं. निदान आठवडाभर त्या वाट बघू शकल्या असत्या.

बुधवारी नितीन आला. त्याच्या बायकोला बढती मिळाली होती, मुलं शाळेतून घरी येतात तेव्हा घरात कोणी नसतं, आणि आई इथे एकटी पडली-झडली तर काय, असं त्याचं म्हणणं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. नितीन सज्जन मुलगा, त्याच्याविषयी मला आजही वाईट बोलता येणार नाही. घर भाड्याने द्यायचं ठरलं, खानावळ बंद, आणि शुक्रवारी दुपारी गाडी करून काकींना बदलापूरला न्यायचं.

शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काकींनी जाण्याआधी शेवटचं जेवण घातलं. सामान बांधून झालं होतं, तरी ताटं तेवढी बाहेर होती. मांदेली तळलेली, सार, भात, आणि माझ्यासाठी ज्वारीची भाकरी, जी त्यांना कधीच धड जमली नाही. काकी वॉकर धरून वाढायला लागल्या तेव्हा मी उठलो. म्हटलं, "काकी, आज तुम्ही बसा. भिंतीशी बसा. मी वाढतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना त्या क्षणी कळलं की मला कळलंय. पण नितीन दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि भात निवत होता.

"तुला काय येतंय वाढायला?" त्या म्हणाल्या. "बस घाट्या. उशीर होतोय."

आणि मी बसलो. हट्टाने हातातलं भांडं काढून घेता आलं असतं. मी बसलो आणि पोटभर जेवलो. भाकरी कडक होती, ती दोन वेळा मागून घेतली.

काकी वारल्या त्याला आता दीड वर्ष होईल. त्याआधी एकदाच मी त्यांना भेटलो. माझी बदली ठाण्याला झाली होती आणि एका शनिवारी सकाळी मी मुद्दाम बदलापूर गाठलं. मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. नितीनने आधीच फोनवर सांगितलं होतं की आईला हल्ली माणसं नीट आठवत नाहीत, गोंधळ होतो. तशी ती हातपाय हलवत असते म्हणाला, सकाळी सगळ्यांचे डबे तीच करते, ऐकतच नाही, कामात असली की बरी असते.

मला बघून त्या हसल्या, पण ते ओळखीचं हसणं नव्हतं. दारात आलेल्या कोणालाही बघून त्या तशाच हसल्या असत्या. मी नितीनला म्हटलं, काकींना जेवायला बाहेर नेतो, तासाभरात आणून सोडतो. सुनेने त्यांना चांगली साडी नेसवली, केस विंचरून दिले. स्टेशनजवळ तळमजल्यावर एक बऱ्यापैकी हॉटेल मी येताना हेरून ठेवलं होतं. भिंतीकडची जागा मिळवली. काकींना तिथे बसवलं, वॉकर बाजूला ठेवला आणि वाढप्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, सगळं एकदम आणू नको, एकेक आण, दर वेळी विचार. त्याने मान हलवली. पण जेवणाची वेळ होती, गर्दी होती. त्याने सगळ्या वाट्या भरलेलं ताट आणून समोर ठेवलं आणि तो गेला.

काकी खुर्चीच्या कडेवर सरकून, अर्ध्या वळून बसल्या होत्या. त्यांनी भराभरा चार घास खाल्ले. नजर शेजारच्या टेबलावर. तिथे एक लहान मूल रडत होतं. "त्याला पाणी नाय दिलंन कोणी," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, देतील, तुम्ही जेवा. त्यांनी स्वतःचा पापड मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला. मग भाजीची वाटी माझ्याकडे सरकवली. मी परत सरकवली, त्यांनी पुन्हा सरकवली.

"काकी, हे तुमचं आहे. तुम्ही सावकाश जेवा. काय हवंय सांगा."

त्यांना तो प्रश्न समजला नाही. मी पुन्हा विचारलं, "वरण हवं? भात आणायला सांगू?" त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझं ताट बघितलं, मी जेवत नव्हतो ते बघितलं, आणि त्यांचा हात वाट्यांकडे गेला. एका वाटीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशा त्या रचायला लागल्या. आपलं अर्धं भरलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि टेबलाच्या कडेला हात टेकला.

मी त्यांचा दंड धरला. "बसा ना काकी. तुम्ही बसा."

"बसू?" त्या म्हणाल्या. "आणि माणसं आलीत एवढी, त्यांना वाढणार कोण?"

"मी वाढतो," असं मी म्हटलं खरं, पण तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या.